बिडकर साहेबांचा शब्द

नात रूपालीचं लग्न ठरलं त्या वर्षी, ट्रंक आवरताना निवृत्तीआजोबांचा रेल्वेतला दाखला निघाला. आजोबा सिकंदराबादला रिटायर होताना तो त्यांचे वरिष्ठ मधुकरराव बिडकर साहेबांनी लिहून दिला होता. त्यातला एक इंग्रजी शब्द हेडक्लार्कलाही येत नव्हता; तो नुसता हसला. जातीवरून काही खोचक लिहिलं असणार, असं आजोबांनी धरलं. दाखला कुणाला दाखवला नाही. पुढे अठरा वर्षं तिथल्याच तारनाका वस्तीत साहेब समोरून आले की त्यांनी रस्ता बदलला.

रूपालीने मोबाईलवर शोधलं. "सेड्युलस. म्हणजे मन लावून, न थकता काम करणारा. मूळ लॅटिन आहे, आबा. 'कपटाशिवाय' अशा अर्थाच्या शब्दांवरून आला म्हणतात."

"नीट बघ. दुसरा अर्थ असंल."

"शंका नक्को. एवढाच आहे."

"मग साहेबांनी तोंडानं का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

इस्त्रीचा सदरा घालून आजोबा त्याच दुपारी तारनाक्याला गेले, साहेबांचं घर विचारत विचारत पोहोचले. दार सुनेने उघडलं.

मधुकरराव बिडकर सहा आठवड्यांपूर्वी, नऊ जानेवारीला वारले होते.