तुळसाक्काचं मडकं

"कानात शिट्टी वाजतीया, सिस्टर," तिसऱ्या महिन्यात तुळसाक्का म्हणाली होती. "म्हणजे औषध लागू पडतंय," असं ठोकून देत मी टीबीचं रोजचं इंजेक्शन टोचलं. तिने कोर्स अर्धवट सोडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला, तोवर तिला ऐकू येणं पार थांबलं होतं. जंतूच्या रायबोसोमल आरएनएतलं, म्हणजे त्याच्या जनुकीय लिपीतलं, एकच अक्षर बदललेलं होतं, नेमकं हे औषध चिकटतं तिथलं. इंजेक्शनने जंतूला पहिल्या दिवसापासून काहीच झालं नव्हतं. गेले ते तिचे कान.

मी तिच्या मडक्यांच्या भट्टीवर गेले आणि इंजेक्शन बंद, अशी हाताने खूण केली.

"म्हंजे बरी झाले की मी!" तिचा चेहरा फुलला. "माझ्यापायी लई पायपीट झाली तुमची." तिने एक मडकं उचललं, गिऱ्हाइकाला देताना वाजवायची तसं बोटाने वाजवलं, कान लावला आणि मान डोलावली.

"खणखणीत हाय. न्या."

आवाज बद्द आला होता, तडा गेलेल्या मडक्याचा.

मी ते दोन्ही हातांनी घेतलं.