मार्शलसाहेबांची कॉफी

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मंदाकिनी धापा टाकतच घरात शिरली. "अप्पा, आमच्या जर्मनच्या वर्गाला नवे सर आलेत, मार्शल आडनावाचे. त्या आडनावाचा मूळ अर्थ सापडला. ओळखा बघू!"

मानाजीराव बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या सरकारी घोड्यांना खरारा करून नुकतेच परतले होते. "अय्यो, त्यात काय ओळखायचं? फौजेतला मोठा साहेब."

"तो नंतर झाला! आधी मार्शल म्हणजे घोड्यांचा चाकर. घोडे सांभाळता सांभाळता तबेल्यातून थेट दरबारात पोचला!"

"सुम्ने, उगाच थट्टा नको हं."

"देवाशपथ, अप्पा! शब्दकोशात छापलंय."

पणजोबा घोडदळातले शिलेदार, आणि आपण लीद उचलणारा मोतद्दार, हे शल्य मानाजीरावांनी जन्मभर उराशी बाळगलं होतं. 'कुणी विचारलं तर वडील सरकारी नोकरीत आहेत, एवढंच सांगायचं,' असं त्यांनी लेकीला लहानपणीच बजावलं होतं. आज मात्र त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "अगं, ऐकलंस का? मार्शलसाहेबांना कॉफी आण!"

दसऱ्याच्या सकाळी ते उठलेच नाहीत.

तेरावं उरकून मंदाकिनी वर्गात गेली, तेव्हा सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "वडील काय करायचे?"

"सरकारी..." ती थांबली. मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या आडनावाचंच काम, सर. घोडे सांभाळायचे."