दोघींचा एकच आजार

नम्रता सकाळी उड्या मारत शाळेत जायची आणि दुपार कलली की तिचे पाय ताठ व्हायचे. पळसदरी गावात कुणी म्हणालं नाटक, कुणी म्हणालं बाहेरचं. शेवटी मुंबईत दुर्मिळ आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आजार ओळखला आणि रोजची एक छोटी गोळी सुरू केली. आठवड्याभरात पोर दिवेलागणीला धरणापर्यंत चालत जाऊन आली.

पुढच्या खेपेला सोबत आत्या होती, भागूबाई.

"हा आजार रक्तातून येतो. घरात आणखी कुणाला असं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

नम्रताने आत्याकडे पाहिलं.

"माजं काय नाय, बाई," भागूबाई ओशाळून म्हणाली. "मी ल्हानपनापासनं आळशी हाय. सांजच्याला उठवतच नाय."

डॉक्टरांनी तिचे पाय तपासले, रक्त घेतलं. महिन्याने रिपोर्ट आला.

"मावशी, तुम्ही आळशी नाही. तुम्हालाही तोच आजार आहे. ही गोळी रोज..."

"गोळीचं मागनं सांगा," भागूबाईने तिला मधेच थांबवलं. "आदी मी आळशी नाय, येवढं कागदावर लिवून द्या. माजी आय अजून हाय. तिला वाचून दाखवायचंय."