सुई उचलेपर्यंत

त्या रविवारी कॉफी आणि आलुबुखाराच्या केकबरोबर आन्केच्या पपाने, हायनरने, पुन्हा आपलीच तबकडी लावली. तरुणपणी कलोनजवळच्या एका गोठ्यात चौघा मित्रांनी वाजवलेलं ते ओबडधोबड, गुंगी आणणारं संगीत होतं; ऐकताना खोली जमिनीवरून सुटल्यासारखी वाटे. तबकडीची शेवटची खाच बंद वर्तुळाची होती. कुणी सुई उचलेपर्यंत ऑर्गनचे तेच दोन सूर फिरत राहत.

"ऊठ गं, सुई उचल."

"तुझं अंतराळयान, तूच उतरव," आन्के पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "कान किटले माझे."

तो हसत, सपाता घासत उठला. सोमवारी तो गेला.

दफनानंतरच्या दुपारी तिने एकटीने तबकडी लावली. शेवटी ते दोन सूर फिरू लागले. दर फेरीला तेच यायला हवं. दुसरं काही येऊच शकत नव्हतं. पण एका फेरीत बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. पुढच्या फेरीत खुर्ची सरकली. मग सपाता, सावकाश, प्रत्येक फेरीला थोड्या जवळ.

सुईचा दांडा हलकेच थरथरला.

"नको उचलूस, पपा," आन्के म्हणाली. "मला आवडतं हे. लहानपणापासून आवडतं."