झारा घेतलेली बाई

माणसं नेमकी कशाने सुखी होतात, हे शोधायला चित्रकार राजरत्न चार महिने लडाखपासून केरळपर्यंत हिंडला. अनोळखी लोकांच्या घरी राहिला, त्यांच्यात बसून जेवला आणि त्यांचे हसरे चेहरे रंगवून घेऊन आला. ठाण्यात त्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याची बायको वैशाली ऑफिसला सुट्टी टाकून कौतुकाने आली.

गर्दी मात्र एकाच चित्रापुढे होती. स्वयंपाकघरात एक बाई हातात झारा घेऊन, डोळे मिटून, अगदी बेभान नाचत होती.

"सर, ही कुठे भेटली तुम्हाला? राजस्थानात?" एका कॉलेजच्या मुलीने विचारलं.

"वर्तकनगरला. माझी बायको आहे ती."

"अय्या, किती गोड!" मुलगी गहिवरलीच. "म्हणजे अख्खा देश फिरलात आणि सुख शेवटी घरीच सापडलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजींनी तर पदराने डोळे टिपले. वैशाली लाजून लाल झाली. मग चित्राकडे नीट बघत तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "अहो, पण मी तुमच्यासमोर अशी कधी नाचले?"


"मी टूरला निघालो ना, त्या दिवशी. चार्जर विसरलेलो, म्हणून पाच मिनिटांत परत वर आलेलो."