चोरकप्पा

कपाट न्यायालयात आणायला सहा हमाल लागले आणि दाराची एक फळी उतरवावी लागली. आत आल्यावर त्याने अशी काही जागा अडवली की न्यायाधीशच पाहुणे वाटू लागले.

"करारात लिहिलंय," दावा लावणाऱ्या वहिनींचे वकील कागद नाचवत म्हणाले, "कपाटाला एक चोरकप्पा असेल, आणि तो मालकिणीखेरीज कुणालाही सापडणार नाही. कपाट आलं, साहेब. कप्पा काही दिसत नाही. आम्हाला भरपाई नको, कराराप्रमाणे कप्पा हवा."

"कप्पा आहे," कपाट करणारे मिस्त्री म्हणाले. "सापडत नाही, म्हणजे काम चोख झालंय."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. बत्तीस वर्षांत पुराव्याला हात लावून बघावंसं वाटलं ते आजच. ते खुर्चीवरून खाली उतरले. मग काय, सगळ्यांनाच परवानगी मिळाली. वकिलांनी फळ्या ठोकल्या, पट्टेवाला पोटावर पडून बुडाखाली गेला, टंकलेखिकेने केसांतली पिन काढून फटी कोचल्या. वहिनींचा धाकटा दीर तर थेट कपाटाच्या आतच शिरला.

"अकरा माणसांचं घर आमचं," तो आतून बोलला. "कुणाचं काही कुणापासून लपलेलं नाही. वहिनीलाच कप्पा कशाला लागतो, ते आईलाही कळू दे."

"म्हणून तर लागतो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हातातली डबी मुठीत आवळली. आत काहीतरी खुळखुळलं.

मिस्त्री भिंतीला टेकून हसत होते, पण ते वरवर. चोरकप्प्याचं रेखाटन काम संपताच सरस वितळवायच्या चुलीत घालायचं, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नेम. कप्पा राहायचा तो फक्त करणाऱ्याच्या डोक्यात. पण या खेपेला एका महिन्यात तीन कपाटं झाली, तीन तऱ्हेचे तीन कप्पे. दोन आठवत होते. तिसरा साफ पुसला गेला होता. गावात हे फुटलं असतं, तर चाळीस वर्षांचं नाव गेलं असतं आणि पुन्हा कुणी साधा पाटही करायला दिला नसता.

तासाभराने दीर घामाघूम होऊन बाहेर आला. न्यायाधीशांनी गुडघे झटकले.

"मिस्त्री, मालकिणीला दाखवायला तर हरकत नाही?"

"नाही, साहेब," मिस्त्री म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग बाकी सगळे बाहेर. दहा मिनिटं."

दार लागलं. मिस्त्रींनी वरची फळी चाचपली, कडेवरून बोटं फिरवली, खालचा खण ओढून पुन्हा लावला आणि मग जमिनीवर बसले.

"वहिनी, तुमच्यापासून काय लपवू. मलाच आठवत नाही."

"खरं सांगताय?"

"रंध्याची शपथ."

वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हालाही नाही. छान. जरा तोंड फिरवा."

मिस्त्री भिंतीकडे वळले. मागे लाकडावरून लाकूड घसरल्याचा मऊ आवाज आला, मग एक बारीकसं टक्. ते वळले तेव्हा वहिनींचे दोन्ही हात रिकामे होते, डबी कुठेच नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होता?"

"कपाट आलं त्याच आठवड्यात सापडला. दुसऱ्या कुणाला सापडतो का, तेवढं बघायचं होतं. घरी ती सोय नव्हती, तिथे शोधतील ते माझ्या माघारी."

"निदान मला तरी दाखवा. मीच केलाय तो."

"मालकिणीखेरीज कुणालाही नाही," वहिनी म्हणाल्या. "खाली सही तुमचीच आहे, मिस्त्री."

दावा मागे घेतला गेला. न्यायाधीशांनी जाता जाता कपाटाची एक फळी पुन्हा ठोकून पाहिली.

हमालांनी कपाट उचललं. एका कोपऱ्यावरच्या हमालाला बाजूला सारून मिस्त्रींनी स्वतः खांदा दिला, आणि फळीला कान लावून, दर चार पावलांनी मुद्दाम ठेचकाळत, ते रस्त्याने चालू लागले.