सायकल धरणारी

"अंथरुणातून उठून चार दिवस नाही झाले, अन् ह्या शर्यतीची हौस पाहा," यमुताई पुटपुटल्या. "माह्यं कोणी ऐकतं का घरात?"

सुभद्रेने ते ऐकलं आणि तिला बरं वाटलं. चला, लग्नानंतर पहिल्यांदाच नणंदेचं आणि आपलं एका गोष्टीवर एकमत झालं.

सक्करदऱ्याच्या तलावाकाठी माणसं जमली होती. दर थंडीत मोहल्ल्याचं मंडळ ही शर्यत घ्यायचं. आधी तलावाला धावत फेरी, मग उमरेड रोडने सायकलवर नाक्यापर्यंत जाऊन परत. सायकल धरून उभं राहायला मात्र घरचंच माणूस लागायचं, आणि त्याने हातात दिल्याशिवाय गड्याने सायकलला शिवायचं नाही, असा नत्थूजींचा नियम. नत्थूजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, पंच आणि एकुलत्या एका शिट्टीचे मालक. रुपरावांची सायकल लग्नापासून सुभद्राच धरत आली होती.

यंदाही तिने हट्टाने धरली होती. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. ती सायकल ती देणारच नव्हती.

टायफॉईडने घर पार उलटंपालटं केलं होतं. त्या दिवसांतलं तिला सलग काही आठवत नव्हतं. कपाळावरच्या ओल्या घड्या, आढ्याला टांगलेला कंदील, दाराशी कडुलिंबाचा पाला, आणि डॉक्टरांचा आवाज, "आजची रात्र काढली तर काढली." जीव वाचला, हेच खूप.

तेव्हापासून ती नवऱ्याला जपत होती. सकाळ-संध्याकाळ टॉनिक, मऊ भात, बाहेर निघाले की गळ्याभोवती मफलर. रुपरावही बिचारे मुकाट्याने तोंड उघडायचे. "अर्धं तू घे, मग मी घेतो," एवढीच त्यांची अट. त्या पथ्याने त्यांचे गाल चांगले वर आले होते. सुभद्रेला त्यात सूज दिसायची.

शर्यतीचं नाव काढलं तेव्हा ती कडाडलीच होती. रुपराव म्हणाले, "डॉक्टरच म्हणतात, घरात नेहमीचं सगळं नेहमीसारखं होऊ द्या."

"जळ्ळा तो डॉक्टर," ती म्हणाली होती.

आता तिच्या शेजारी गोपिका उभी होती, आपल्या नवऱ्याची, गिरिधरची सायकल धरून.

"वहिनी, बसता का थोडं? मी दोन्ही सायकली पाहते."

"मले काय झालं बसायले?"

गोपिकेने यमुताईंकडे पाहिलं. यमुताईंनी पुढे होऊन सुभद्रेचा पदर कपाळावर ओढून दिला. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं.

"थंडी आहे," यमुताई म्हणाल्या. ऊन चांगलं पाठीवर आलं होतं.

जो तो येऊन तिलाच विचारत होता, "काय वहिनी, बरं आहे ना आता?"

"आहे. पण ऐकून कुठं राहिले ते?" ती म्हणायची. माणसं कसनुसं हसायची आणि पुढे सरकायची. खुद्द नत्थूजींनी घरून खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली. धावणाऱ्याची मात्र कुणी चौकशी केली नाही. उलट पोरं ओरडत होती, "रुपरावभाऊ, यंदा सोडू नका गिरिधरले!" काय माणसं आहेत ही, तिला कळेना. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्याला कुणी असं चढवतं का?

तिचे पाय लटपटत होते. पोलकं खांद्यांवरून घसरत होतं. आजारपण काढायचं म्हणजे काय थोडं असतं, तिने मनाशी म्हटलं आणि हँडल घट्ट धरलं.

झाडांआडून पहिला माणूस बाहेर आला. रुपराव! गिरिधर चांगला मागे पडला होता. लोकांनी टाळ्या पिटल्या. सुभद्रेने सायकल आणखी जवळ ओढली. अंथरूण धरलेला माणूस असा कसा धावतो? विझायच्या आधी दिवा मोठा होतो, तसं तर नाही?

रुपराव आले. घामाने निथळत, हसत त्यांनी हात पुढे केला.

"दे."

"नाही."

"अवं, दे ना! गिरिधर आला!"

"येऊ द्या."

गिरिधर आला. गोपिकेने त्याच्या हातात सायकल दिली. त्याने एकदा ह्या दोघांकडे पाहिलं, क्षणभर घुटमळला, मग टांग मारून निघून गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. मग बाकीचेही गेले. नत्थूजींनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही.

"घरी चला," सुभद्रा म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले, मीच ऐकलं ना ह्या कानांनी. रात्र काढली तर काढली! बक्षीस काय चुलीत घालायचं आहे मले? तुमाले काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

यमुताईंनी तोंडाला पदर लावला. गोपिका तलावाकडे पाहत राहिली.

रुपराव "बरं" म्हणायला गेले. इतके दिवस ते तेवढंच म्हणत आले होते. पण सुभद्रेचे हात असे कापत होते, की सगळी सायकल खुळखुळत होती. त्यांनी आपले दोन्ही तळवे तिच्या हातांवर ठेवले.

"सुभद्रे," ते म्हणाले, "ताप मले नव्हता आला वं. तुले आला होता."